दुपट्यातलं वजन

नात्यात कुठे बारसं असलं की पाळण्याजवळ माझी चेष्टा ठरलेली असते. “मावशी, नुसतं बघून सांगा, किती किलो?” माझी भाची तर दरवेळी पैज लावायला तयार असते. मी पस्तीस वर्षं नर्स होते, तेव्हा एवढं तरी यायलाच हवं असं सगळ्यांना वाटतं. मी सांगत नाही. “काटा आणा आणि मोजा,” म्हणते आणि पेढा उचलून बाजूला होते. म्हातारी भाव खाते, असं मागून कोणीतरी म्हणतंच.

खरं म्हणजे मला येतं. बाळाच्या मांड्या आणि गाल पाहिले की आकडा आपोआप मनात येतो. एकदा तो असाच आला होता आणि मी त्याचं ऐकलं नाही.

मी मूळची कोलाडजवळच्या गावातली. आमचं भात, आणि भात निघालं की त्याच जमिनीत वाल. नोकरी लागली ती पेणच्या पलीकडे, खारेपाटात. तिथे एका बाजूला खाडी, एका बाजूला मिठागरं आणि मधल्या बांधावर गाव. प्यायचं पाणी लांबून आणायचं. मला पहिले सहा महिने तिथलं काही म्हणजे काही आवडलं नाही. साडीची किनारसुद्धा खारट व्हायची. त्यातून माझा स्वभाव तापट. बायका म्हणायच्या, “शिस्टर, तू सुई टोचतेस त्यापरीस तुझी जीभ लागते गो.” मी म्हणायचे, “मग माझं ऐकत जा, म्हणजे दोन्ही लागणार नाहीत.”

उपकेंद्र म्हणजे दोन खोल्या. एका कपाटात औषधं आणि माझी सगळ्यात लाडकी वस्तू, म्हणजे बाळांचं वजन करायचा टांगता काटा. वर कडी, खाली आकडा, आकड्याला कापडाची झोळी. रिकामी झोळी लावून सुई शून्यावर आणायची आणि मग बाळ ठेवायचं. शिकताना आम्हाला बजावून सांगितलं होतं की बाळ अडीच किलोचं हवं. अडीचच्या खाली असेल तर जपायचं, आणि दोनच्या खाली असेल तर एक मिनिट घरी ठेवायचं नाही, आईसकट पेणच्या दवाखान्यात न्यायचं. मला अशी रेघ ओढून दिलेली आवडायची. रेघेच्या या बाजूला काय करायचं आणि त्या बाजूला काय, हे एकदा ठरलं की डोकं शांत राहतं.

ती मुलगी मला पहिल्यांदा भेटली तेव्हा चार महिन्यांची गरोदर होती. वय असेल एकोणीस-वीस. तिचा बाप मिठागराच्या काट्यावर उभा राहायचा. गोणी टांगायची, सुई वाचायची, बारदानाचं वजन वजा करायचं आणि आकडा ओरडून सांगायचा, हे त्याचं काम. लहानपणी ही त्याच्या पायाशी बसून आकडे ओरडायला शिकली होती. शाळा चौथीपर्यंत, पण वजाबाकी माझ्यापेक्षा जलद. माझा काटा पाहून ती तोंडाला पदर लावून हसली.

“ह्यो तर बारका हाय. बाबाच्या काट्याचं पिल्लू.”

“पिल्लू असेल, पण खोटं बोलत नाही,” मी म्हटलं.

“सुई शून्यावर आनली काय? झोळी लावून?”

मला रागही आला आणि ती आवडलीही. खारेपाटात माझ्याशी अशी बरोबरीने बोलणारी तीच एक होती.

सातव्या महिन्यात तिचं पोट हाताला लागलं ते पाचव्यासारखं. मी बोटांनी मोजलं, परत मोजलं. पाळी चुकल्याचा महिना तिला पक्का आठवत होता, कारण तेव्हा नुकतीच नारळी पौर्णिमा झाली होती. म्हणजे दिवस बरोबर होते, पोट मागे होतं. काय खातेस विचारलं तर म्हणाली, सकाळी अर्धी भाकरी, रात्री मूठभर भात. आणि मीठ पिकायला लागलं होतं, त्यामुळे डोक्यावर पाटी होतीच.

मी तडक तिच्या सासूकडे गेले. मनात चांगली दोन-चार वाक्यं तयार करून गेले होते. म्हातारी पायरीवर सुपारी कातरत बसली होती. माझं सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाली, “पोर बारीक ऱ्हायली का सुटका लवकर व्हते गो बाय. मोठी झाली का अडते.”

“आजी, पोटातलं बारीक राहतं ते काय हौसेने राहतं? उपाशी राहतं म्हणून राहतं.”

“माजी थोरली गेली तशी,” ती म्हणाली. “पोर केवढा व्हता ठावं हाय? दोगं गेली. खाडीला भरती, गाडी नाय. मी हात धरून बसलेली.”

माझी तयार केलेली वाक्यं तिथेच राहिली. त्या बाईने लेक गमावली होती आणि सून गमवायची नव्हती म्हणून ती सुनेच्या ताटातली भाकरी मोडत होती. कंजूषपणा असता तर मी भांडले असते. या मायेशी कसं भांडायचं ते मला कोणी शिकवलं नव्हतं. मी लोहाच्या गोळ्या दिल्या, पाटी बंद करा म्हणून सांगितलं, दूध-अंडं द्या म्हणून सांगितलं. पाटी बंद झाली. भाकरी अर्धीच राहिली.

एप्रिलमध्ये एका सकाळी ती मोकळी झाली. सुईण घरातली, मला निरोप उशिरा आला. बांधावरून चालत पोचेपर्यंत अकरा वाजले होते. मुलगी झाली होती. सासूने तिला बाजेवर आईजवळ ठेवलं होतं. मी वाकून पाहिलं.

ते बाळ आधी जन्मलेलं नव्हतं. तळपायांवर रेषा पूर्ण होत्या, कान ताठ, नखं बोटांच्या पुढे आलेली. नऊ महिने भरून आलं होतं. पण मांड्यांची कातडी सैल लोंबत होती, आतलं मांस भरायचंच राहून गेल्यासारखी. हातापायांची साल निघत होती. नाळ बारीक, पिवळट. डोकं मात्र पुरतं, त्यामुळे चेहरा एखाद्या आजारातून उठलेल्या म्हातारीसारखा. आणि डोळे सताड उघडे. अशी मुलं जन्मल्या जन्मल्या टक लावून बघतात. लोकांना ते कौतुकाचं वाटतं. पोटात जे मिळायचं ते पुरेसं न मिळालेलं मूल आतल्या आत कसं जगायचं ते आधीच शिकून येतं, आणि तसंच बघतं.

माझ्या मनात आकडा आला. दोनच्या खाली.

“तोलूया,” मी म्हटलं.

म्हातारी बाजेच्या आणि माझ्या मधे उभी राहिली. “नाय. तोलतात ती इकायची वस्तू. पोर काय मीठ हाय? तोललेली पोर वाढत नाय.”

हे मी त्या गावात आधीही ऐकलं होतं. दिवसभर काट्यावर गोणी टांगणाऱ्या माणसांना त्याच प्रकारच्या काट्यावर आपलं मूल टांगलेलं बघवत नसे. मी आवाज चढवला. कपडे काढून वजन करायचं असतं, असं मी म्हटलं तेव्हा तर म्हातारीने कानावर हात ठेवले. बाजेवरून सून हळूच म्हणाली, “आई, शिस्टर सांगते ना. तोलूया.” मग बराच वेळ आमची ओढाताण चालली. शेवटी ठरलं की वजन करायचं, पण बाळ दुपट्यात गुंडाळलेलंच ठेवायचं, आणि बाहेर ओटीवर करायचं, बाळंतिणीच्या डोळ्यांसमोर नको.

मी ओटीवर जाऊन आढ्याच्या वाशाला काटा टांगला, झोळी लावली, सुई शून्यावर आणली. आत बाळाला गुंडाळायला जरा वेळ लागला. मग म्हातारी ते जाड दुपटं छातीशी धरून बाहेर आली आणि तोंड फिरवून तिने ते झोळीत ठेवलं. सुई अडीचच्या थोडी अलीकडे थांबली. मी दुपट्याचे दोनशे ग्रॅम वजा केले. सव्वादोन.

लहान, पण घरी ठेवण्यासारखी. दोनच्या रेघेच्या वरची.

मला हायसं वाटलं. हे मला लिहायलाच हवं. दुसऱ्या दिवशी माझ्या धाकट्या बहिणीला बघायला माणसं येणार होती आणि मला दुपारची एसटी पकडून कोलाडला जायचं होतं. बाळ दोनच्या खाली असतं तर गाडी शोधा, पेण गाठा, दवाखान्यात भांडा, यात माझा तो दिवस आणि दुसराही गेला असता. सव्वादोन म्हटल्यावर मी मनातला आकडा झटकून टाकला. डोळे चुकतात, काटा चुकत नाही, असं मी स्वतःला सांगितलं. मग आत जाऊन बजावलं: आंघोळ घालू नका, अंगाशी धरा, लगेच अंगावर पाजा, चीक फेकू नका. परवा येते. सुनेने विचारलं, “किती?”

“सव्वादोन.”

“सव्वादोन,” ती म्हणाली आणि बाळाच्या कपाळावरून बोट फिरवत हसली.

परवाच्या दिवशी मी पोचले तेव्हा घरात सगळी खुशीत होती. पोरगी भारी गुणाची, रडतच नाय, नुसती झोपते, असं सासू सांगत होती. आदल्या दिवशी आंघोळ घातली होती, तेल चोळून. त्यानंतर तिचे हात जरा थरथरले. घाबरते, असं समजून त्यांनी तिच्या उशाशी दिवा लावला होता. मग थरथर थांबली. दूध ती ओढत नव्हती, म्हणून कापसाने गुळाचं पाणी तोंडात सोडत होते.

मी पायाला हात लावला. पाय गार. पोटाला हात लावला. पोट गार.

अंगावर चरबी नसलेलं मूल ऊब धरून ठेवू शकत नाही. साठवलेली साखरही त्याच्याजवळ नसते. दूध पोटात गेलं नाही तर ते आधी थरथरतं, मग शांत होतं. त्या शांतपणाला त्या घरात गुण म्हणत होते, आणि मी दोन दिवस तिथे नव्हते. दोनच्या खालची म्हणून तिला नेली असती तर ती त्या दोन दिवसांत दवाखान्यात उबेला असती, नळीने दूध पीत असती.

मी गाडी बघा म्हणून ओरडले. बाळाला आईच्या उघड्या छातीशी धरायचं म्हणून बाजेवर बसून घाईघाईने दुपटं सोडलं. घडीतून काहीतरी जड माझ्या मांडीवर पडलं आणि तिथून बाजेवर. अडकित्ता. भक्कम, लोखंडी, एका दांडीच्या टोकाची गुंडी तुटलेली. तान्ह्या बाळाजवळ लोखंड ठेवतात, नजर लागू नये म्हणून. कोणी विळा ठेवतं, कोणी सुरी. आमच्या गावीही ठेवतात, पण उशाखाली. मी तो बाजूला सरकवला आणि बाळ आईच्या छातीशी बांधलं.

मिठाचा ट्रक मिळाला. पुढे आम्ही दोघी, मधे ती. पेणच्या अलीकडे ती गेली. आईच्या छातीशी होती म्हणून आईलाच आधी कळलं. माझा हात घेऊन तिने बाळाच्या पाठीवर ठेवला. ड्रायव्हरने गाडी थांबवली आणि विचारलं, पुढे जायचं की मागे. मागे, असं मी सांगितलं.

परतताना, ट्रक बांधावरून हेलकावत जात असताना, मला तो अडकित्ता आठवला. आणि मग काय झालं असेल ते हळूहळू माझ्या ध्यानात आलं. वजन केलं तेव्हाही तो दुपट्यात असेल तर? मी स्वतःशी लगेच म्हटलं, नसेल. नंतर ठेवला असेल. थरथरली तेव्हा ठेवला असेल, दिवा लावला तसा. पण आत गुंडाळायला वेळ लागला होता. आणि म्हातारीने तोंड फिरवून बाळ झोळीत ठेवलं होतं. तिनेच ठेवला असणार, तिलाच तोलायचं नव्हतं. मी त्या घरात कोणाला काही विचारलं नाही. विचारलं नाही तोवर ‘नंतर ठेवला असेल’ एवढं तरी माझ्याजवळ होतं.

महिन्याच्या बैठकीत डॉक्टरांनी विचारलं, जन्माचं वजन किती होतं? “सव्वादोन,” मी म्हटलं. ते म्हणाले, मग तिसऱ्या दिवशी जायचं काही कारण नव्हतं, जंतुसंसर्ग असेल. मी वहीत तसं लिहिलं. माझं अक्षर चांगलं होतं. तो शब्दही चांगला आला.

गावात शब्द दुसरा होता. ‘तोलली म्हणून गेली.’ पुढची दोन वर्षं एकाही बाईने मला बाळ तोलू दिलं नाही. मी चिडायचे, समजवायचे, अडाणीपणाला बोल लावायचे. मुलगीच होती, असंही कोणी कोणी म्हणून गेलं, समजूत म्हणून. ते ऐकून म्हातारी मात्र उठून आत जायची. तिला नातच हवी होती, लेकीच्या नावाची. ती मला कधी वाईट बोलली नाही. फक्त मी गेले की अडकित्ता खाली ठेवून हात पुसायची. तो बघायला नको म्हणून मी त्यांच्या घरी जाणं कमी केलं.

काही वर्षांनी माझी बदली रोह्याच्या दवाखान्यात झाली. घरापासून जवळ, कामही बरं. निडी स्टेशनवरून गाडी जाताना खिडकीतून भाताची खाचरं दिसली की मला सुटल्यासारखं वाटायचं. खारेपाट मागे राहिला असं मी धरून चालले होते. एक दिवस दवाखान्याच्या रांगेत ती उभी दिसली. अंग जरा सुटलेलं, पायांवर सूज, सहावा महिना.

“शिस्टर, वळखलं काय?”

बांध फुटून मिठागरात खाडी घुसली होती. नवरा धाटावच्या एका कंपनीत लागला होता, शिफ्टवर जात होता, आणि ते वरसेला खोली घेऊन राहत होते. सासू वारली होती. मधल्या वर्षांत दिवस राहिले नव्हते, आता राहिले होते. मी आहे असं कळल्यावर ती मुद्दाम या दवाखान्यात आली होती. “तुमीच बघा मना,” ती म्हणाली. तिचा माझ्यावर विश्वास होता, आणि तो मला सहन होत नव्हता.

या खेपेला ती पोटभर जेवत होती. दोन-दोन भाकऱ्या, वालाची उसळ, मासळी. तरी आठव्यात पोट मागे पडलं. रक्तदाब चढला होता आणि नाळेतून जायचं ते पुरेसं जात नव्हतं. आईने खाल्लं म्हणजे सुटलं असं नसतं, हे मी तोपर्यंत शिकले होते. तिला वाटत होतं की तिचंच काहीतरी चुकतंय. मी तिला वारंवार सांगत होते, तुझं काही चुकत नाही गो. त्यातलं निम्मं मी कोणाला सांगत होते, ते मलाच माहीत.

दिवस भरायच्या थोडं आधी, दुपारी, ती बाळंत झाली. परत मुलगी. परत तेच, सैल मांड्या, मोठं डोकं, टक लावून बघणारे डोळे. माझी ड्युटी तेव्हा खालच्या मजल्यावर होती. थोड्याच वेळात वरची नर्स धावत आली: तुमची ती बाई बाळ तोलू देत नाही, हातातून सोडतच नाही, तुम्हीच या.

मी गेले. ती खाटेवर बाळाला घट्ट धरून बसली होती, दवाखान्याच्या चादरीवर घरचं दुपटं गुंडाळून. मला बघून तिला रडू आलं.

“शिस्टर, तोलू नका. तेवढं नका करू. पयली तोलली नि गेली.”

इतकी वर्षं जे मी अडाणीपणा म्हणत आले होते, ते तिच्या तोंडून ऐकताना मला पहिल्यांदा कळलं की त्यात खोटं काही नाही. तोलली म्हणूनच गेली होती. न तोलता मी डोळ्यांवर विश्वास ठेवला असता तर त्याच दिवशी तिला उचलून पेणला नेलं असतं.

मी खाटेवर बसले आणि सांगून टाकलं. या बाळाचं वजन व्हायला हवं म्हणून सांगितलं, हे खरं. पण माझ्या छातीवरचं ओझं उतरावं म्हणूनही सांगितलं.

“तुझी पोर तोलल्याने नाही गेली, मी चुकीचं तोललं म्हणून गेली. तुझ्या सासूने दुपट्यात अडकित्ता ठेवला होता. नजर लागू नये म्हणून ठेवला असेल, त्यांना काय माहीत. पण मी दुपटं सोडून बघायला हवं होतं. मी नाही बघितलं. मला गाडी पकडायची होती. चूक माझी आहे, तुझी नाही, त्या म्हातारीचीही नाही.”

तिने मान हलवली. “आईनं नाय ठेवलेला.”

“मग?”

“मी ठेवलेला. आई तर पोरीला द्यायलाच तयार नव्हती. तुमी सांगत होता म्हणून मी बोलली, तोलूया. नि मना भ्या वाटली. म्हणून आईचा अडकित्ता पानाच्या डब्यातला घेतला नि पोरीच्या पाठीशी ठेवला. तवा आईला पन ठावं नव्हतं.”

माझं ऐकलं होतं तिने. घरात एकटीनेच ऐकलं होतं, आणि ऐकता यावं म्हणून ते लोखंड ठेवलं होतं.

मला बोललेलं सगळं परत घ्यावंसं वाटलं. “अगं, अडकित्त्याचं ते काय वजन,” मी घाईने म्हटलं. “नाहीतरी तो काटाच जुना होता. स्प्रिंग ढिली झाली होती. त्याने काही फरक पडला नसणार.”

तिने बाळाचं दुपटं सोडलं. मग चादर. मग मनगटातला काळ्या मण्यांचा सर आणि कमरेचा दोरासुद्धा काढून बाजूला ठेवला. उघडी पोर माझ्या हातात दिली. “आता तोला,” म्हणाली.

ती दोन किलोला जरा कमी भरली. लगेच तिला आईच्या छातीशी बांधली आणि त्यानंतर सतरा दिवस ती तिथून खाली उतरली नाही. नळीने दूध, तासातासाला पायाला हात, तुळतुळीत डोक्यावर लोकरी टोपी. ती जगली. आता ती तिशीकडे आली आहे, वरसेतच राहते, अंगाने किडकिडीत आणि तरी तिला एवढ्यातच साखरेच्या गोळ्या सुरू झाल्या आहेत. पोटात असताना ज्यांना कमी मिळालं त्यांना पुढेही असं काही ना काही निस्तरावं लागतं, असं डॉक्टर म्हणतात. सणाला ती मला भेटायला येते. आई येत नाही.

पण ते सगळं नंतरचं. त्या दुपारी बाळ छातीशी बांधून झाल्यावर मी काटा उचलायला लागले तेव्हा ती म्हणाली, “थांबा.” उशीखाली हात घालून तिने अडकित्ता काढला. तोच. गुंडी तुटलेला. याही बाळासाठी आणला होता. एका हाताने पोरीला सांभाळत, वाकून, तो तिने काट्याच्या रिकाम्या ताटलीत ठेवला.

सुई हलली आणि थांबली. ती मला वाचायची गरज नव्हती. काट्यावरच्या माणसाची मुलगी होती ती.

“तीनशे,” ती म्हणाली. ओठ हलत होते. सव्वादोन तिने इतकी वर्षं जपून ठेवले होते. “सव्वादोनातून तीनशे गेलं. दोनला पन्नास कमी.”

मी अडकित्ता उचलायला गेले. तिने माझं मनगट धरलं.

“शिस्टर, दोनच्या खाली असती तर तुमी तिला तवाच पेणला नेली असती ना?”

“हो,” मी म्हटलं.

तिने माझं मनगट सोडलं आणि पोरीला घेऊन भिंतीकडे तोंड केलं. एवढं एक खोटं मला तेव्हा बोलता आलं असतं. वहीत ‘जंतुसंसर्ग’ लिहिलं होतंच की.